काळ्या कातळाच्या खाली आणि वर

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग ज्या काळ्या बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून तयार झाला. आणि राज्याला लाभलेली दोन मोठी जीवाश्म इंधने, म्हणजे पूर्वेकडचा दगडी कोळसा व पश्चिमेकडच्या समुद्रातले खनिज तेल, याच कातळाच्या आधाराने सर्वांत नीट समजतात. वर्धा खोऱ्यातला कोळसा या लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा असून काही ठिकाणी त्याच्याच खाली गाडला गेला आहे, तर मुंबई हाय क्षेत्रातले तेल मुख्यत्वे ज्या गाळाच्या खडकांत सापडते ते लाव्हा थंड झाल्यानंतर त्याच्यावर साचलेले आहेत. प्राचीन सजीवांचे अवशेष हवेपासून तुटून गाडले गेले आणि उष्णता व दाब यांमुळे त्यांचे कार्बनसमृद्ध पदार्थांत रूपांतर झाले की त्यांना जीवाश्म इंधन म्हणतात. ही व्याख्या दोन्ही इंधनांना लागू पडत असली, तरी त्यांचे कूळ मुळातच निराळे आहे.

कोळसा हा वनस्पतींचा वारसा आहे. वर्धा खोऱ्यातले साठे पर्मियन कालखंडातले, म्हणजे २५ कोटी वर्षांहूनही जुने आहेत. त्या वेळी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते आणि हिमयुग ओसरल्यावर नद्यांच्या सखल, दलदलीच्या खोऱ्यांत ग्लॉसोप्टेरिस या आज नामशेष झालेल्या, जिभेच्या आकाराची पाने असणाऱ्या वनस्पतींची वने वाढली होती. पाण्याखाली प्राणवायू न मिळाल्याने हा पालापाचोळा पूर्णपणे कुजला नाही. त्याचे प्रथम पीट, मग लिग्नाइट आणि पुढे बिटुमिनस कोळशात रूपांतर होत गेले, व दर टप्प्याला त्यातले पाणी आणि वायू कमी होऊन कार्बनचे प्रमाण वाढले. या क्रमाची शेवटची पायरी असलेला अँथ्रासाइट येथे आढळत नाही. खाणीतला तुकडा जवळून पाहिल्यास त्यात चकचकीत आणि मंद असे पातळ पट्टे आलटून पालटून दिसतात. चकचकीत पट्टे बहुतांशी खोड-फांद्यांच्या ऊतींपासून बनलेले असतात, तर मंद पट्ट्यांत बीजाणूंचे अवशेष आणि खनिजांचा अंश अधिक असतो. नद्यांनी सेंद्रिय द्रव्याबरोबर चिखल-वाळूही आणून टाकल्याने भारतीय कोळशात गंधक कमी पण राखेचे प्रमाण मोठे, पुष्कळदा वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक असते, आणि हा गुणदोष पुढे या कोळशाच्या प्रत्येक वापरात आडवा येतो.

बल्लारपूर, घुग्घुस, वणी, उमरेड ही नावे कोळसा उद्योगाशी कायमची जोडली गेली आहेत. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे विदर्भात सर्वतोमुखी असलेली ‘वेकोलि’, स्थापन झाली, आणि भूमिगत खाणींपेक्षा वरची माती व खडक बाजूला सारून कोळसा काढणाऱ्या खुल्या खाणींवर भर वाढत गेला. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र याच कोळशाच्या जवळिकीमुळे तेथे उभे राहिले. राज्यभर दिवे लागतात, पण राख, धूळ आणि खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतात. विजेचा हिशेब मांडताना ही बाजू वगळणे अन्यायाचे आहे.

तेलाची कथा समुद्राशी बांधलेली आहे. लाव्ह्याचे उद्रेक थांबल्यानंतर पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या खचलेल्या भागांत गाळ साचू लागला, आणि त्यातल्या शेल या चिखलापासून बनलेल्या खडकात समुद्रातील सूक्ष्म प्लवकांबरोबर नद्यांनी आणलेले वनस्पतिजन्य द्रव्यही अडकून पडले. खोल गाडल्या गेलेल्या अशा द्रव्याचे आधी केरोजेन या घन सेंद्रिय पदार्थात आणि साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानाला तेलात रूपांतर होते. उष्णता याहून वाढली तर प्रामुख्याने वायू बनतो. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने खडकाच्या छिद्रांतून वर सरकत राहते, आणि वाटेत अभेद्य थर आडवा आला तरच त्याचा साठा होतो. मुंबई हाय येथे मायोसीन कालखंडातल्या सच्छिद्र चुनखडीचे थर घुमटासारखे उंचावलेले असून त्यांच्यावर शेलचे आवरण आहे. तेथे तेलाचे भूमिगत तळे नाही, तर चुनखडीच्या बारीक छिद्रांत आणि पोकळ्यांत भरलेले तेल आहे.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात, ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या वेधन-मंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये हे तेल शोधले. असा मंच तरंगत जागेवर नेला जातो, त्याचे उंच पोलादी पाय समुद्रतळावर टेकवले जातात आणि मग संपूर्ण मंच लाटांच्या वर उचलला जातो. फिरणाऱ्या नळ्यांच्या टोकाशी असलेले पाते खडक फोडत असताना नळीतून विशिष्ट घनतेचा चिखल सतत खाली सोडला जातो. हा चिखल पाते थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने खालचे तेल-वायू एकाएकी उसळू देत नाही. वेधनाचे सारे कौशल्य बव्हंशी या चिखलाच्या घनतेवर नजर ठेवण्यात आहे. एक रुपयाच्या नोटेच्या मागील बाजूवर या मंचाचे चित्र छापले गेले, हा सन्मान त्याने कष्टाने मिळवलेला आहे.

२१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. समुद्रतळावरच्या नळांतून तेल व वायू उरणला येतात. तेथून तेल मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जाते आणि वायूचा काही भाग थळच्या खत कारखान्याला मिळतो. या तेलात गंधक अत्यल्प, पण वनस्पतिजन्य मुळामुळे मेणाचा अंश बराच असल्याने ते थंड होताच घट्ट होऊ लागते. कारखान्यात ते सुमारे ३५० अंशांपर्यंत तापवून उंच स्तंभात सोडले जाते, आणि ज्या घटकाचा उत्कलनबिंदू जितका कमी तितका तो वर जाऊन वेगळा होतो: स्वयंपाकाचा वायू व पेट्रोल वर, रॉकेल आणि डिझेल मध्ये, तर डांबराचा अवशेष तळाशी.

या व्यवसायाची किंमत माणसांनीही मोजली आहे. २७ जुलै २००५ रोजी एका साहाय्यक जहाजाची धडक बसून मुंबई हाय उत्तर मंचावर आग लागली आणि २२ जणांचा मृत्यू झाला. मंचावर चौदा-चौदा दिवसांच्या पाळ्या करणाऱ्यांचे हे जोखमीचे काम शहरातल्या इंधन वापरणाऱ्यांना सहसा ठाऊकही नसते.

ही इंधने जळताना कोट्यवधी वर्षे गाडलेला कार्बन, कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने, वातावरणात परततो. तेवढ्याच उष्णतेसाठी कोळसा सर्वाधिक, तेल त्याहून कमी आणि नैसर्गिक वायू सर्वांत कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो. भारत आज आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, आणि मुंबई हायचे उत्पादन १९८० च्या दशकातल्या उच्चांकाच्या बरेच खाली आले आहे. उतरता दाब सावरण्यासाठी साठ्यात समुद्राचे पाणी सोडले जाते, आणि जानेवारी २०२५ मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसी या भारतीय तेल कंपनीने बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा-पुरवठादार म्हणून निवड केली. ‘सागर सम्राट’ आता विहिरी खणत नाही. फिरते उत्पादन केंद्र म्हणून नव्याने बांधला गेलेला हा मंच डिसेंबर २०२२ पासून त्याच समुद्रात पुन्हा कामाला लागला आहे.