पाच तारांत मावणारं गाणं

फिनलंडचं कांतेले हे वाद्य त्याच्या सर्वांत जुन्या रूपात पाहिलं, तर वाजवण्यासारखं त्यात फारसं काही दिसत नाही. हातभर लांबीची, एका टोकाला निमुळती झालेली लाकडी पेटी. रुंद टोकाला पाच खुंट्या, निमुळत्या टोकाला धातूची एक छोटी दांडी, आणि या दोन टोकांमध्ये ताणलेल्या पाच तारा. पडदे नाहीत, घोडी नाही, गज नाही. एका तारेतून एकच सूर निघतो, म्हणजे सगळ्या वाद्याची मिळकत पाच सूर. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, रे, ग, म, प. वर धैवत नाही, खाली मंद्र निषाद नाही, आणि तार षड्जाचा तर प्रश्नच नाही.

तरीही या पाच सुरांसाठी फिनलंडमध्ये आजही नवं संगीत बांधलं जातं. शाळेतली मुलं बांधतात, निवृत्त मंडळी बांधतात, संगीताची पदवी घेणारे विद्यार्थीही बांधतात. बांधलेली चाल कागदाच्या चिठोऱ्यावर किंवा मोबाइलवरच्या एका ओळीत मावते आणि दुसऱ्याकडे जाते. गेल्या दोनशे वर्षांत कांतेलेला राष्ट्रीय वाद्याचा मान मिळाला, त्याच्यावर चित्रं निघाली, त्याला मोठं करून मैफलीत बसवण्यात आलं. पण ते सर्वसामान्यांच्या हातात टिकलं, ते या छोट्या, सहज देता-घेता येणाऱ्या चालींमुळे.

गाठीतून येणारा आवाज

कांतेलेची भावंडं बाल्टिक समुद्राच्या काठाने पसरलेली आहेत. एस्टोनियात कान्नेल, लाटव्हियात कोक्ले, लिथुआनियात कांक्लेस, रशियात गुसली. आपल्याकडच्या स्वरमंडळाला ही मंडळी लांबची नातेवाईक वाटतील, कारण तिथेही प्रत्येक सुराला स्वतंत्र तार असते आणि बोटांनी छेडून ती वाजते. फरक इतकाच की स्वरमंडळ गायकाची साथ करतं, कांतेले एकट्याने बोलतं.

जुनं कांतेले एका अखंड लाकडातून कोरून काढत. आल्डर, पाइन, स्प्रूस, बर्च, जे हाताशी असेल ते. आतून लाकूड पोखरायचं, बऱ्याचदा तळ उघडाच ठेवायचा. तारा पुढे धातूच्या आल्या, आज पोलादाच्या असतात. खरी गंमत आहे ती तार अडकवण्याच्या पद्धतीत. निमुळत्या टोकाच्या दांडीभोवती तार वळवतात आणि स्वतःलाच पीळ देऊन गाठ मारतात. दुसऱ्या टोकाला ती सरळ खुंटीला जाते. मधे टेकायला घोडीच नसल्यामुळे तारेची लांबी नेमकी कुठे संपते, याला पक्कं उत्तर नाही. तार आडवी थरथरते तेव्हा ती गाठीच्या एका बाजूला संपते, उभी थरथरते तेव्हा दुसऱ्या बाजूला. दोन लांबींमध्ये अगदी किंचित फरक, त्यामुळे एकाच तारेतून दोन जवळजवळ सारखे सूर निघतात आणि एकमेकांवर आदळून लहरतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या मात्ती कार्यालाइनेन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये याचा अभ्यास करून संगणकावर कांतेलेचा आवाज उभा केला, तेव्हा ही गाठ त्यांना हिशेबात धरावीच लागली. चांगल्या कारागिराने सुधारून टाकावी अशी वाटणारी ओबडधोबड गाठच या वाद्याचा गळा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे तार छेडल्यावर ती बराच वेळ वाजत राहते, आणि आपण पुढच्या तारेवर गेलो तरी मागची गप्प बसत नाही. सा, रे, ग ओळीने वाजवले की तिन्ही एकत्र ऐकू येतात. शेजारशेजारचे सूर असे एकात एक मिसळणं दुसऱ्या एखाद्या वाद्यावर गोंधळ वाटला असता. इथे संगीतच त्या मिसळण्याचं आहे.

चाल कशी बांधतात

वादक पेटी मांडीवर घेतो, आखूड तारेची बाजू स्वतःकडे. पूर्वेकडच्या कारेलिया प्रदेशातल्या जुन्या पद्धतीत दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून तारांवर ठेवतात, आणि प्रत्येक तारेला तिचं ठरलेलं बोट असतं. हात इकडून तिकडे न्यावा लागत नाही. त्यामुळे नवशिक्याची निम्मी अडचण तिथेच संपते, आणि जाणत्याची बोटं डोळ्यांना दिसू नयेत इतकी भरभर चालू शकतात.

दुसरी पद्धत झंकाराची. इथे नको त्या तारांवर डाव्या हाताची बोटं हलकेच टेकवतात आणि उजवा हात सगळ्या तारांवरून एकदम फिरवतात. सर्वांत खालची तार पहिली धरली, तर दुसरी आणि चौथी दाबल्यावर उरतात सा, ग, प. पहिली आणि तिसरी दाबली की रे, म, प. दुसरी, तिसरी आणि पाचवी दाबली की नुसते सा आणि म. गाणाऱ्याला साथ करायला एवढ्या तीन झंकारांवर बरंच भागतं. मूड बदलायचा असेल तर तिसऱ्या तारेची खुंटी थोडी सैल करायची. शुद्ध गंधाराचा कोमल होतो आणि तीच चाल वेगळी ऐकू येते. कारेलियातले जुने वादक ही तार कधी कधी शुद्ध आणि कोमल यांच्या अधेमधेही लावत.

आता प्रत्यक्ष चाल. फिनिश आणि कारेलियन लोककाव्याची ओळ आठ अक्षरांची असते. गाताना अनेकदा पहिली सहा अक्षरं अर्ध्या अर्ध्या मात्रेची आणि शेवटची दोन एकेक मात्रेची घेतात, म्हणजे सगळी ओळ पाच मात्रांत बसते. हे गाणंही बहुतेक वेळा पाचच सुरांत फिरतं, त्यामुळे गळ्यातलं गाणं जसंच्या तसं तारांवर उतरतं. या हिशेबाने मी इथे दोन ओळी मांडतो:

१ २ ३ ३ ४ ३ २ – २ –
५ ४ ३ ४ ३ २ १ – १ –

आकडे तारांचे, रेघ म्हणजे आधीचा सूर लांबवायचा. पहिली ओळ रिषभावर थांबते, म्हणजे बोलणं अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. दुसरी पंचमावरून उतरत षड्जावर येते आणि वाक्य पुरं करते. एवढं झालं की चाल झाली. पुढच्या फेरीला मोकळ्या जागी पहिली तार मधेच छेडून पाहायची. तिसऱ्या फेरीला दुसऱ्या ओळीतले पहिले तीन सूर उलटे करायचे. चौथ्या फेरीला पहिली ओळ दोनदा घ्यायची. दहा मिनिटांनी सुरुवातीची चाल कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली, हे वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कारेलियातले वादक नेमकं हेच करत. वादक आणि संशोधक आर्या कास्तिनेन यांनी या परंपरेचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून दिसतं ते असं, की वादक बहुधा स्वतःसाठी बसत, एखाद्या छोट्या तुकड्याभोवती बोटं खेळवत राहत आणि वाजवता वाजवताच रचना करत. तुकड्याला ठाम सुरुवात किंवा शेवट असलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नसे.

माशाचा जबडा ते मेणाचं नळकांडं

कांतेलेच्या जन्माची कथा ‘कालेवाला’त येते. एलियास ल्योनरोट या डॉक्टरने खेडोपाडी फिरून लोकांच्या तोंडची गाणी गोळा केली आणि १८३५मध्ये हे महाकाव्य प्रसिद्ध केलं. १८४९च्या वाढवलेल्या आवृत्तीत ५० सर्ग आहेत. त्यात वृद्ध गायक वैनामोइनेन एका प्रचंड पाइक माशाच्या जबड्यापासून पहिलं कांतेले बनवतो. ते समुद्रात हरवतं, तेव्हा दुसरं बर्चच्या लाकडाचं करतो आणि त्याला एका तरुणीच्या केसांच्या तारा लावतो. ल्योनरोट स्वतः कांतेले वाजवत असे. १८४०पासून त्याने लोकगीतांचा जो संग्रह काढला, त्यालाही ‘कांतेलेतार’ हे नाव दिलं.

स्वतःची ओळख शोधणाऱ्या एका देशाला असं वाद्य मिळाल्यावर ते प्रतीक बनणार हे उघड होतं. काउस्तिनेन परगण्यात जन्मलेली क्रेता हापासालो (१८१३–१८९३) ही गरीब घरातली बाई. कुटुंब चालवायला कांतेले घेऊन गावोगाव फिरली, स्वतःच्या चाली गायली आणि हेलसिंकीच्या दिवाणखान्यांपर्यंत पोचली. झोपडीत कांतेले वाजवणाऱ्या क्रेताचं चित्र आर. डब्ल्यू. एकमन या चित्रकाराने १८६८मध्ये काढलं. चित्र पाहणाऱ्यांना त्यात सारा फिनलंड दिसला. क्रेताला मात्र त्या तारांवर पोट भरायचं होतं.

तोवर पाच तारांचं वाद्य मागे पडत चाललं होतं. व्हायोलिन आणि अकॉर्डियन यांच्यावर नाच चांगला रंगे, आणि कांतेलेही नव्या चालींसाठी तारा वाढवत मोठं होत गेलं. जुनी रीत उरली होती ती पूर्वेकडे, लाडोगा सरोवराच्या उत्तरेला, सुइस्तामोसारख्या गावांत. तिथे आर्मस ओट्टो वैसानेन हा तरुण संशोधक १९१०च्या दशकात फोनोग्राफ घेऊन पोचला. तेप्पाना यानिस आणि इतर वादकांना त्याने मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केलं आणि त्यांच्या चाली स्वरलिपीत उतरवल्या. १९२८मध्ये त्याचा कांतेले आणि योहिक्को या गजवाद्याच्या चालींचा संग्रह निघाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात हा प्रदेशच सोव्हिएत संघाकडे गेला आणि कारेलियातल्या चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडून फिनलंडमध्ये इतरत्र जावं लागलं. गावं गेली, पण चाली वैसानेनच्या वहीत राहिल्या होत्या.

मोठं झालं, मग पुन्हा लहान

वैसानेनचा संग्रह निघाला त्याच सुमारास दुसऱ्या टोकाला पॉल साल्मिनेन कांतेलेला शहरी मंचासाठी तयार करत होता. १९२०च्या दशकात त्याने खटक्यांची अशी यंत्रणा बसवली की वाजवता वाजवता सूर अर्ध्या पायरीने चढवता-उतरवता यावेत. त्यातून मैफलीचं कांतेले तयार झालं: चाळीसच्या आसपास तारा, अनेक सप्तकं, कोणतीही पट्टी. मार्त्ती पोकेला यांनी या वाद्याला शिक्षणात आणि रेडिओवर जागा मिळवून दिली आणि १९७०च्या दशकात ते हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत शिकवू लागले. हे वाद्य देखणं आणि समर्थ आहे. पण ते महाग आहे, जड आहे आणि शिकायला वर्षं घेतं. शेजाऱ्याला चाल ऐकवून लगेच त्याच्या हातात द्यावं, अशातलं ते नव्हे.

वळण आलं ते १९८०च्या दशकात. काउस्तिनेनमध्ये लोकसंगीताचा महोत्सव १९६८पासून आणि लोकसंगीत संस्था १९७४पासून होतीच. हेइक्की लाइतिनेन आणि हान्नु साहा यांनी वैसानेनचे जुने कागद पुन्हा उघडले आणि पाच तारांच्या कांतेलेसाठी सोपं मार्गदर्शक पुस्तक केलं. १९८३मध्ये सिबेलियस अकादमीत लोकसंगीत विभाग सुरू झाला. लाइतिनेन त्याचे पहिले प्रमुख. जुनं जसंच्या तसं वाजवून दाखवणं पुरेसं नाही, विद्यार्थ्याने स्वतः रचलंही पाहिजे, हे तिथल्या शिक्षणाचं सूत्र बनलं. १९८५मध्ये ‘कालेवाला’ला दीडशे वर्षं पूर्ण झाली. त्या वातावरणात पाच तारांचं कांतेले देशभरच्या शाळांत शिरलं. अनेक ठिकाणी मुलांनी आधी सुतारकामाच्या तासाला पेटी बनवली आणि नंतर संगीताच्या तासाला ती वाजवली. पूर्व फिनलंडमधल्या रॅक्क्युला गावात १९८३च्या सुमारास मुलामुलींचा असाच एक लोकसंगीताचा गट जमला होता. तोच पुढे ‘वॅर्टिना’ या नावाने जगभर गाजला.

एका ओळीचा पत्ता

पाच सुरांची चाल लिहायला पाच रेघांची स्वरलिपी यावी लागत नाही. तारांना आकडे द्यायचे, बस्स. लहान मुलांसाठी काही शिक्षक आकड्यांऐवजी रंग वापरतात. संगणकावर काम करणाऱ्यांना एबीसी लिपी सोयीची पडते. त्यात सूर रोमन अक्षरांनी लिहितात आणि साध्या मजकुरासारखी ती ओळ कुठेही पाठवता येते. अशी चाल मिळाली की समोरचा तासाभरात ती वाजवू लागतो आणि बहुतेक वेळा बदलू लागतो.

इथेच एक धोकाही आहे. कागदावर उतरलेली चाल लवकरच ‘बरोबर चाल’ बनते. तेप्पाना यानिसचं जे वैसानेनने लिहून घेतलं, ते त्या दिवशीचं, त्या फेरीचं वाजवणं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने वेगळंच वाजवलं असतं. आज एखादं मूल पुस्तकातला आकडा चुकला म्हणून खट्टू होतं, तेव्हा परंपरा जपली जाते की गोठते, हे शिक्षकाने पाहायला हवं. म्हणून जाणते शिक्षक चाल देताना तिच्याबरोबर एक अटही देतात: तीनदा आहे तशी वाजव, चौथ्यांदा काहीतरी बदल.

मोठ्या वाद्याच्या रचनेला नाव असतं, हक्क असतो, रॉयल्टी असते, आणि ते असायलाच हवं. पाच तारांवरच्या चालीचा हिशेब वेगळा. इतक्या कमी सुरांत कोणाची ना कोणाची चाल कोणाच्या ना कोणाच्या चालीसारखी होणारच, त्यामुळे इथे मालकीपेक्षा फेरफार महत्त्वाचा. वर दिलेल्या दोन ओळींचंही तसंच. एखाद्या वाचकाने त्या हार्मोनियमवर वाजवून पाहिल्या, दुसरी ओळ त्याला सपाट वाटली आणि त्याने ती मोडून नवी केली, तर कांतेले हाताशी नसतानाही त्याने कांतेलेचं काम केलं.