घोडे मोजू नका, हत्ती बघा!

मराठीत ‘पिकअप’ला दोन अर्थ आहेत. मागे उघडा हौदा असलेली गाडी, हा एक. ‘गाडीला पिकअपच नाही राव’ यातला दुसरा. गाडी घेताना या दोन अर्थांची गल्लत झाली की माणूस शोरूममध्ये घोडे मोजतो आणि घाटात बॉनेट उघडून उभा राहतो. तसं होऊ नये म्हणून इंजिनाच्या दुनियेतल्या या काही गमती.

दीड पोत्याचा घोडा
75 किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर उचलायचं, ही झाली एक मेट्रिक अश्वशक्ती. म्हणजे गव्हाचं दीड पोतं. खरा घोडा मात्र जिवाच्या आकांताने ओढायला लागला की क्षणभर पंधराएक अश्वशक्तीपर्यंत जाऊ शकतो. थोडक्यात, माहितीपत्रकातला घोडा आणि तबेल्यातला घोडा यांची ओळखदेख नाही.

80 हरले, 75 जिंकले
मारुती सुपर कॅरीचं 1.2 लिटरचं पेट्रोल इंजिन सुमारे 80 अश्वशक्तीचं, तर बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल सुमारे 75 चं. मग पेट्रोल भारी? टॉर्क बघा: पेट्रोलचा 104 न्यूटन-मीटर, डिझेलचा 200 च्या आसपास. टॉर्क म्हणजे पीळ. गंजलेला नट सोडवताना पान्यावर जो जोर लावतो, तोच. डिझेल हा जोर मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांतच देतं, त्यामुळे कांद्याच्या गोण्या भरलेली गाडी चढावर जागची हलते. घोडे वेग देतात, ओझं पीळ ओढतो. पाव-बिस्किटं आणि फुलं शहरात पोचवायची असतील तर पेट्रोलही मजेत चालतं.

इंडिका भागिले दोन
2005 मध्ये आलेल्या टाटा एसचं, म्हणजे आपल्या ‘छोटा हत्ती’चं इंजिन कुठून आलं? इंडिकाच्या चार सिलिंडरच्या 1405 सीसी डिझेलमधून. ते निम्मं केलं, झालं दोन सिलिंडरचं 702 सीसी! ताकद अवघी 16 अश्वशक्ती आणि पाठीवर पाऊण टन. त्याच्या 80 वर्षं आधी, 1925 मध्ये, फोर्डने मॉडेल टीला कारखान्यातच हौदा बसवून विकायला काढलं, तेव्हा त्या गाडीत 20 घोडे होते आणि इंजिन हत्तीच्या चौपट मोठं. पण गल्लीबोळात माल पोचवणाऱ्याला चौपट इंजिन परवडत नाही. छोट्या फेऱ्या, कमी वेग, डिझेलची बचत, एवढ्यावरच हत्तीने बाजार मारला.

टेम्पो हे आडनाव!
‘टेम्पो बोलवा’ म्हणताना आपण एका जर्मन कंपनीचं नाव घेत असतो. हाम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याची तीनचाकी ‘हानसीट’ आपल्याकडे बजाज टेम्पोने बनवली. 1958 साली नवलमल फिरोदियांनी सुरू केलेली ही कंपनी. हानसीटचं टू-स्ट्रोक इंजिन थेट पुढच्या चाकावर स्वार असायचं आणि साखळीने तेच चाक फिरवायचं. मागची सगळी जागा मालाला मोकळी! 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण लोकांच्या तोंडचा टेम्पो काही हटला नाही.

घाटात इंजिनालाही धाप लागते
उंचावर हवा विरळ. दर हजार मीटरला साध्या इंजिनाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, म्हणजे स्ट्रॉबेरी भरायच्या आधीच शंभरातले बारा-तेरा घोडे गळालेले. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि ही तूट बरीचशी भरून काढतो. घाटमाथ्याची फेरी रोजची असेल तर टर्बो हवाच.

गॅस स्वस्त, पण टाकी जड
सीएनजी सुमारे 200 बार दाबाखाली भरतात, त्यामुळे टाकी जाडजूड लागते. सुपर कॅरीत याचा हिशेब उघड दिसतो: पेट्रोलवर 740 किलो माल, सीएनजीवर 625. म्हणजे 115 किलो भाडं आधीच टाकीने खाल्लं. हौदा वजनाआधी जागेनेच भरत असेल, थर्माकोल, फरसाण, गाद्या वगैरे, तर हा तोटा जाणवतही नाही. सिमेंटवाल्याला मात्र दर फेरीला जाणवतो.

डिझेलला हायवेची हौस
1 एप्रिल 2020 पासून आपण गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर उडी मारली. पाचवी इयत्ता गाळलीच. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. ही काजळी जळून जायला धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी थोडा वेळ सलग पळायला हवी. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या आणि सतत चालू-बंद असेल, तर फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. डिझेल लांबच्या रस्त्याचं. गल्लीतल्या फेऱ्यांना पेट्रोल, सीएनजी किंवा बॅटरी बरी.

हत्तीने सोंड प्लगला लावली
2022 च्या विजेवरच्या टाटा एस ईव्हीत टॉर्क 130 न्यूटन-मीटर, आणि तोही पहिल्या फेरीपासून. मोटरला आधी रेस करावी लागत नाही. उतारावर ब्रेकचं काम मोटर करते आणि थोडी वीज बॅटरीत परत येते. कागदावरचा पल्ला 154 किलोमीटर. दूध, किराणा, पार्सल असा ठरलेला रोजचा फेरा आणि रात्री घरी चार्जिंग, असं असेल तर उत्तमच. आज वाशी, उद्या सोलापूर असा धंदा असेल तर जरा थांबा.

आता शोरूममध्ये
विक्रेत्याने ‘किती पॉवरची दाखवू?’ म्हटलं की उत्तर देऊ नका. उलट त्यालाच तीन गोष्टी सांगा: हौद्यात काय भरणार, रस्ता सपाट की घाटाचा, आणि दिवसाला किती किलोमीटर. मग इंजिन कोणतं, ते त्यालाच सांगू द्या. हौदा आधी हत्तीच्या पाठीवर असायचा; तिथेही हत्ती निवडताना कुणी त्यात घोडे किती, असं विचारत नसे.