गच्चीवरची तार आणि बँडची वेळ

मागच्या भागात गच्चीवर डायपोल बांधला: वीस मीटर बँडसाठी एकूण दहा मीटर तार, मधोमध कोअ‍ॅक्सियल केबल, दोन्ही टोकांना इन्सुलेटर आणि नायलॉनची दोरी. एवढ्या सामानावर अकोल्याहून युरोप लागत नाही, असं नवे हॅम (हौशी रेडिओवाले) धरूनच चालतात आणि टॉवर-यागीच्या किमती काढायला लागतात. पैसे घालण्याआधी घड्याळ आणि सूर्य बघा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तीन एलिमेंटची यागी डायपोलपेक्षा साधारण ६ डेसिबल जास्त देते, म्हणजे पॉवर चौपट केल्यासारखं. पण बँड बंद असेल तर लहर आयनांबर भेदून निघून जाते किंवा त्याच्या तळाच्या डी थरात विरते, आणि मग चौपट काय नि दसपट काय!

डी थरातलं शोषण कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. १४ मेगाहर्ट्‌झ सोडून २८ वर गेलात, की डेसिबलमधला तोटा जवळपास चौथाईवर येतो. २८ साठी पाच मीटरची तार पुरते, ती त्याच केबलला जोडता येते. शिवाय दहा मीटर उंची १४ वर अर्धी तरंगलांबी भरते, तर २८ वर पूर्ण. त्यामुळे तारेचा मुख्य झोत सुमारे ३० अंशांवरून १५ अंशांपर्यंत खाली येतो, आणि झोत जितका आडवा तितकी उडी लांब. एफ-२ थरावरून एक उडी फार तर ४००० किलोमीटरची. युरोपला किमान दोन लागतात. सूर्य जोरात असेल तरच २८ उघडतो. पंचविसाव्या सौरचक्राचा कळस ऑक्टोबर २०२४ मध्ये होऊन गेला. वऱ्हाडाची जागाही अनुकूल आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथे दिवसा वर उचललेले इलेक्ट्रॉन उत्तरेकडे उतरतात आणि अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात सर्वांत दाट होतात. वऱ्हाड त्याच्या थोडं दक्षिणेला, आणि असा दाट थर २८ ची लहरही परतवतो. सकाळी आठला जपानमध्ये साडेअकरा वाजलेले असतात, तर आपल्या दुपारी चारला युरोपात सकाळ. दोन्ही वेळी वाटेवर ऊन असतं.

मोठ्या अँटेनाला बँड आधी उघडतो आणि उशिरा मिटतो, हा आक्षेप खरा आहे. पण तो फायदा कडेच्या वेळेचा; भर दुपारी उघड्या बँडवर साधी तारही ऐकू जाते. सौरचक्र उतरल्यावर काय, असंही विचारलं जातं. तेव्हा २८ बहुतेक दिवस मुका राहील, मात्र १४ आणि १८ राहतील. शिवाय २०१७ मध्ये आलेली एफटी-८ ही डिजिटल पद्धत गोंगाटाच्या २० डेसिबल खालचा संदेशही वाचते. तिच्यात गप्पा होत नाहीत, ही उणीव मला जाणवते. ७ मेगाहर्ट्‌झवर मात्र दहा मीटर उंची तोकडीच. झोत सरळ वर जातो, दिवसा नागपूर-पुणे छान लागतं, आणि मे-जूनच्या विजांची खरखर सगळ्यांना सारखीच छळते. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास सूर्यास्तानंतर आपल्या आयनांबरात विरळ बुडबुडे वर चढतात, सिग्नल थरथरतो आणि शब्द कळेनासे होतात. अशा संध्याकाळी माइक ठेवून मोर्सची की घेतलेली बरी.