स्वमग्न मुलांना घोड्याची साथ. पण वरातीच्या घोडीवर बसवणे म्हणजे थेरपी नव्हे

सारंगखेड्याचा बाजार असो की माळेगावची यात्रा, घोडा आपल्या भागाला नवा नाही. याच घोड्याच्या मदतीने स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना थेरपी देता येते, हे कळल्यावर अनेक पालकांच्या मनात एकच प्रश्न येतो : ‘आपल्या पोराला घोड्यावर बसवलं, तर ते बोलायला लागेल का?’

थेट उत्तर असे, की घोड्यामुळे स्वमग्नता जात नाही. ती मेंदूच्या वाढीतली वेगळी जडणघडण आहे, ती ‘उतरवणारे’ औषधही नाही. मात्र प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली ही थेरपी दिली, तर काही मुलांना तिचा फायदा होतो.

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ६ ते १६ वयोगटातील १२७ स्वमग्न मुलांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने १० आठवडे घोडेस्वारी शिकली. दुसऱ्या गटाला तबेल्यातच घोड्यांविषयी शिकवले, पण जिवंत घोड्याजवळ नेले नाही. स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली. त्यांचे बोलणे आणि इतरांशी संवादही सुधारला.

घोडाच का?

घोडा चालताना स्वाराची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलते, जवळपास माणूस चालतो तशीच. त्या लयीत तोल सांभाळताना शरीराला व्यायाम होतो. शिवाय घोडा बडबड करत नाही. ‘चल’ म्हटले की तो चालतो, ‘थांब’ म्हटले की थांबतो. आपल्या शब्दाने काहीतरी घडते, हे मुलाला लगेच दिसते. खरारा करणे, चारा देणे, रोज त्याच क्रमाने काम करणे, हाही थेरपीचाच भाग असतो.

स्वारी वेगळी, थेरपी वेगळी

थेरपीसाठी शांत स्वभावाचा, शिकवलेला घोडा लागतो. एक जण लगाम धरतो. गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंनी एकेक माणूस मुलासोबत चालतो. डोक्यावर हेल्मेट हवेच. मूल पडू नये म्हणून त्याला खोगिराला बांधणे तर फारच धोक्याचे. घोडा बुजला किंवा कोसळला तर मूल सुटू शकत नाही.

वरातीची घोडी बँड आणि गर्दीसाठी तयार केलेली असते, उपचारासाठी नाही. ‘एक चक्कर मारून बघू’ म्हणत मुलाला तिच्यावर बसवू नये. मुलाला फिट येत असतील, दमा किंवा जनावराच्या केसांची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. घोड्याचा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे घोड्याची तपासणी झाली आहे का, हेही विचारून घ्यावे.

पहिले पाऊल कोणते?

दीड वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी बघत नाही, बोटाने वस्तू दाखवत नाही, नजर टाळते, तर ‘बापपण उशिराच बोलला होता’ म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्यांना सांगा. तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. तिथली तपासणी मोफत असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. त्याच्या आधारे ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो.

वाचा उपचार, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरी रोज करून घ्यायचा सराव, हा मुख्य उपचार. घोडा त्याला जोड म्हणून चांगला. पण घोड्याच्या शोधात वाचा उपचाराचे एक वर्ष गेले, तर नुकसान पोराचेच होते.