संगणकास व्यवहारज्ञान

हिंगोली जिल्ह्यातील वसमत परिसरात हळद शिजवून उन्हात वाळत घालतात. अवकाळी आभाळ भरून येताच घरातील लहान मूलही ताडपत्रीकडे धावते. संगणकास मात्र ही धाव अत्यंत अवघड. ढगांतून पाऊस पडतो, उघड्यावरील वस्तू भिजते, भिजलेल्या हळदीचा भाव पडतो, ताडपत्री पाणी अडविते, ही प्रत्येक कडी त्यास सांगावी लागते.

अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हा प्रश्न प्रथम नीट मांडला. १९८४ मध्ये डग्लस लेनाट यांनी असे सर्वसामान्य ज्ञान माणसांकरवी लिहवून घेण्याचा 'साइक' प्रकल्प आरंभिला. लक्षावधी विधाने भरली गेली, तरी काम सरले नाही.

खरी अडचण संख्येपेक्षा अपवादांची आहे. हळद गोदामात असेल, तर पाऊस पडूनही ती भिजत नाही. पत्रे गळके असतील, तर भिजते. नवी माहिती येताच आधीचा निष्कर्ष मागे घ्यावा लागतो. गणिती तर्कात ही सोय नाही. तेथे एकदा सिद्ध झाले ते सिद्धच राहते. न सांगितलेला अपवाद नाहीच असे तूर्त धरून चालण्याची रीत मॅकार्थी यांनी १९८० मध्ये तर्कशास्त्राच्या भाषेत बसविली. शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आला आहे!

आजच्या आज्ञावली अफाट लिखित मजकुरातून शिकतात व पुष्कळदा बरोबर उत्तरही देतात. परंतु जे सर्वांस ठाऊक असते, ते सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. अर्जात 'हळद भिजली' एवढेच असल्यास ती कोठे ठेवली होती, हे पंचनामा करणारा अधिकारी विचारून घेतो. आज्ञावली मात्र न विचारताच काही गृहीत धरण्याचा संभव असतो.