जिन्याचा दिवा : एक दिवा, दोन बटणे

माडीच्या घरात जिना हा सर्वांच्या वहिवाटीचा, पण सर्वांत उपेक्षित भाग होय. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील जुन्या वस्त्यांतून पाहावे, तर कित्येक घरांत जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि दिव्याचे बटण तेवढे खालच्या बाजूस! वर निजलेल्या आजोबांना रात्री खाली यावयाचे झाले, तर त्यांनी अंधारात सारा जिना उतरावा आणि मग दिवा लावावा, अशी ही व्यवस्था. उतारवयात पायरी चुकणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

यावर उपाय एकच. जिन्याच्या वरच्या टोकालाही त्याच दिव्याचे दुसरे बटण बसवावे. उपाय जुना आहे, थोड्या खर्चाचा आहे. मात्र तो भलत्या रीतीने केल्यास जिवाशी गाठ पडते. म्हणून त्यामागील तत्त्व घरातील प्रत्येकाने समजून घ्यावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

दिव्याकडे दोन तारा जातात. फेजच्या तारेवर २३० व्होल्टचा दाब असतो. न्यूट्रलच्या तारेने विजेचे मंडल पुरे होते. साधे बटण म्हणजे फेजच्या तारेवरील फाटक. उघडले की प्रवाह जातो, लावले की थांबतो. आता कोणी म्हणेल, ‘मग असेच आणखी एक फाटक वर बसवू.’ पण ते पहिल्याच्या पुढे त्याच तारेवर बसविले, तर दोन्ही उघडी असतील तेव्हाच दिवा लागेल. खालून कोणी बंद केला, की वरचे बटण कुचकामी. बरे, ते पहिल्याला समांतर जोडले, तर कोणत्याही बटणाने दिवा लागेल खरा, परंतु ज्या बटणाने लावला त्यानेच तो मालवावा लागेल. दोन्ही प्रकारांत आजोबांची अडचण कायमच.

याकरिता टू-वे बटण लागते. बाहेरून ते नेहमीच्या बटणासारखेच दिसते, पण मागे दोनऐवजी तीन स्क्रू असतात. एक सामाईक, आणि दोन वाटांचे. बटण दाबले की सामाईक टोक एक वाट सोडून दुसरीला जोडले जाते. आगगाडीच्या रुळांचे सांधे ज्यांनी पाहिले असतील, त्यांच्या ध्यानी हे लगेच येईल. दोन सांध्यांमध्ये दोन समांतर रूळ आहेत असे समजा. दोन्ही सांधे एकाच रुळाला लावलेले असतील, तर गाडी पार जाईल. एक या रुळाला आणि दुसरा त्या रुळाला असेल, तर वाट तुटली. पण कोणताही एक सांधा फिरविला, की तुटलेली वाट जुळते आणि जुळलेली तुटते.

जोडणी नेमकी अशीच. फेज खालच्या बटणाच्या सामाईक टोकाला द्यावयाची. दोन्ही बटणांची वाटांची टोके मधल्या दोन तारांनी एकमेकांस जोडावयाची. वरच्या बटणाच्या सामाईक टोकापासून तार दिव्याकडे. आणि दिव्याचे दुसरे टोक न्यूट्रलला. बटणांच्या अवस्था एकंदर ४ होतात. त्यांतील दोहोंत दिवा लागतो, दोहोंत मालवतो. एक बटण दाबा, वाटेल ते दाबा, स्थिती पालटणारच.

आता धोक्याच्या गोष्टी. पहिली : मधल्या तारा वाचविण्यासाठी काही जण प्रत्येक बटणाच्या एका वाटेला फेज व दुसरीला न्यूट्रल जोडतात, आणि सामाईक टोकांपासून एकेक तार दिव्याकडे नेतात. दिवा यानेही लागतो व मालवतो, त्यामुळे पाहणाऱ्यास संशय येत नाही. परंतु दोन्ही बटणे फेजकडे असली, की दिवा विझलेला आणि होल्डरच्या दोन्ही पिनांवर मात्र २३० व्होल्ट! ही जोडणी कोणी सुचविली, तर स्वच्छ नाही म्हणावे.

दुसरी : फेज खालच्या मजल्याची आणि न्यूट्रल वरच्या मजल्याची, अशी उसनवारी करू नये. दोन्ही एकाच मंडलाच्या असाव्यात. तसे नसेल, तर एका मजल्याचा एमसीबी पाडूनही दुसऱ्या मंडलाच्या तारेतून झटका बसू शकतो. शिवाय गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी घरात असेल, तर तो दिवा लावताक्षणी पडण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अशा दिव्याचे बटण वर आहे की खाली, यावरून दिवा चालू की बंद हे कळत नाही. बल्ब गेला असेल, तर ते कळण्यास मार्गच उरत नाही. म्हणून बल्ब बदलताना बटणावर भरवसा न ठेवता मेन स्विच बंद करावा, आणि ही शिस्त मुलांनाही लावावी.

काम परवानाधारक कंत्राटदाराच्या वायरमनकडूनच करवून घ्यावे. कायद्याचीही तशी अपेक्षा आहे. आपण फक्त तीन गोष्टी विचाराव्यात : बटणे टू-वे आहेत ना? मधून दोन तारा नेल्या ना? फेज व न्यूट्रल एकाच मंडलाची ना? जाणकार वायरमनला या प्रश्नांचा राग येत नाही.

घरातील मुलांना तत्त्व पाहावयाचे असेल, तर विजेच्या खांबाकडून आलेल्या विजेला हात लावण्याचे कारण नाही. टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल, त्याला जुळणारा छोटा बल्ब, पुठ्ठा, सहा पितळी ड्रॉइंग पिना, दोन धातूच्या क्लिपा व थोडी तार पुरे. तीन पिनांचे एक बटण. मधल्या पिनेभोवती क्लिप फिरवावी आणि ती बाजूच्या दोन पिनांपैकी एकीला टेकवावी. दोन बटणे वर सांगितल्याप्रमाणे जोडली, की चारही अवस्था मुले स्वतः पडताळून पाहतात. वर्गात फळ्यावर तासभर काढलेल्या आकृतीने जे उमजत नाही, ते या पुठ्ठ्याने उमजते, असा आमचा अनुभव आहे.

ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी माडीवर निजतात, त्यांनी हे काम पुढील सणावर ढकलू नये. रंगरंगोटी थांबू शकते. रात्रीचा जिना थांबत नाही.