आराम मिठाचा की गरम पाण्याचा?

सहा तासिका फळ्यापुढे उभे राहून शिकवले की संध्याकाळी टाचा आणि पोटऱ्या ठणकू लागतात. मग घरातले कुणीतरी सांगतेच, ‘गरम पाण्यात मूठभर मीठ टाक आणि पाय बुडवून बस.’ तसे बसल्यावर खरोखर बरे वाटते. पूर्वी हे मीठ म्हणजे स्वयंपाकघरातले खडेमीठ असे. आता औषधांच्या दुकानात ‘एप्सम सॉल्ट’ची पाकिटेही मिळतात. या मिठातले मॅग्नेशियम त्वचेतून आत शिरते आणि त्यामुळे स्नायू सैल पडतात, असे सांगितले जाते.

बरे वाटते, यात वाद नाही. पण ते कशाने वाटते? मिठाने, गरम पाण्याने, की अर्धा तास कुणी हाक न मारता बसायला मिळाले म्हणून? आठवी-नववीच्या वर्गात विचारण्याजोगा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चुकले तर काय होऊ शकते, तेही पुढे पाहू.

एप्समचे कडू पाणी

एप्सम हे इंग्लंडमधल्या सरे परगण्यातले गाव. १६१८ साली तेथल्या एका शेतकऱ्याच्या गुरांनी एका डबक्यातले पाणी तोंडाला लावले नाही, अशी कथा सांगतात. पाणी कडू होते. ते प्यायले की जुलाब होत आणि त्या काळी तो मोठा औषधी गुण मानला जाई. पुढे १६९५ साली नेहेमाया ग्र्यू या वैद्याने त्या पाण्यातल्या कडू क्षारावर पुस्तिका लिहिली. हा क्षार म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याच्या स्फटिकात मॅग्नेशियम सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे ७ रेणू असतात. म्हणजे स्फटिकाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाणीच असतो! मॅग्नेशियम असते सुमारे १० टक्के. आपल्याकडचे शेतकरीही हा क्षार ओळखतात. कापसाची पाने लाल पडू लागली की याचीच फवारणी करतात.

त्वचा आणि बटाट्याची साल

१०० ग्रॅम एप्सम मीठ टबात टाकले तर त्यातून सुमारे १० ग्रॅम मॅग्नेशियम पाण्यात उतरते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. टबात त्याच्या पंचवीसपट तरी आहे. पण त्यातले आत किती जाते?

वर्गात एक सोपा प्रयोग करा. एक लहान बटाटा सालासकट आणि दुसऱ्या बटाट्याच्या सोललेल्या चकत्या मिठाच्या दाट पाण्यात ठेवा. दोन तासांनी चकत्या लुळ्या पडलेल्या दिसतील. परासरणाने त्यांच्यातले पाणी बाहेर निघून गेलेले असते. सालीचा बटाटा मात्र जवळजवळ होता तसाच राहील. ‘मीठ सूज ओढून घेते’ असे म्हणताना आपण चकत्यांचा नियम सालीच्या बटाट्याला लावत असतो.

आपल्या त्वचेच्या सर्वांत वर मृत पेशींचा पातळ थर असतो. पेशींच्या मधल्या जागा मेदाने भरलेल्या असतात. पाण्यात विरघळलेला मॅग्नेशियमचा आयन आपल्याभोवती पाण्याचे ६ रेणू घट्ट धरून असतो. असा विद्युत्भारित आणि पाण्याने वेढलेला कण मेदातून सहज पार होत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत सव्वा ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते. कोळी बांधव त्या पाण्यात तासन्‌तास कमरेइतके उभे राहून जाळी ओढतात. त्वचा क्षारांना मोकळी वाट देणारी असती, तर त्यांची काय गत झाली असती?

फार काय, आतड्याचे कामच शोषून घेण्याचे, पण पोटात गेलेले एप्सम मीठ तेही फारसे शोषत नाही. उरलेला क्षार आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि म्हणून जुलाब होतात. त्वचेतून मॅग्नेशियम मिळते या दाव्याचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्याला पुरेसा वैज्ञानिक आधार नाही, असा निष्कर्ष त्यात काढलेला आहे.

मग बरे का वाटते?

गरम पाण्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तेथला रक्तप्रवाह वाढतो आणि आखडलेले स्नायू सैल होतात. शिवाय त्वचेतल्या उष्णता टिपणाऱ्या चेतातंतूंकडून संदेशांचा ओघ सुरू होतो. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मेरुरज्जूत जणू एक फाटक असते, आणि इतर संवेदनांची गर्दी झाली की ते काहीसे मिटते, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडला. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो, त्याचे स्पष्टीकरणही असेच देतात. पाण्याचा दाबही थोडी मदत करतो. ३० सेंटिमीटर खोल पाण्यात तळाशी सुमारे २२ मिलिमीटर पाऱ्याइतका जादा दाब असतो. यातल्या एकाही कामाला मिठाची गरज नाही.

आपल्याकडच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांबाबतही हाच प्रश्न पडतो. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, उनपदेव, उनकेश्वर. यांतल्या काही नावांतच ‘ऊन’ आहे! कोकणातल्या झऱ्यांचे पाणी मुळात पावसाचे. ते भेगांतून खोल जाते, तापते, वाटेत खडकातले क्षार विरघळवून घेते आणि वर येते. आंघोळ करून लोक म्हणतात, ‘गंधकाचा गुण आला.’ पण गंधकाबरोबर ऊनही होते, प्रवासाची मौज होती आणि कामाला सुट्टीही होती. गुण कुणाचा, हे वेगळे कसे काढायचे?

तीन टब आणि एक खुर्ची

क्रीडास्पर्धांच्या दुसऱ्या दिवशी हा प्रयोग करता येईल. पाय दुखत असलेल्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून चार गट करा. पहिल्या टबात ३९ अंश सेल्सिअसचे साधे पाणी, दुसऱ्यात तितकेच गरम मिठाचे पाणी, तिसऱ्यात मिठाचेच पण न तापवलेले पाणी घ्या. चौथा गट नुसता खुर्चीवर बसेल, कारण दुखणे वेळेबरोबर आपोआपही कमी होते. प्रत्येकाने आधी आणि १५ मिनिटांनंतर आपल्या दुखण्याला ० ते १० पैकी अंक द्यावा. तापमापी पाण्यातच ठेवा आणि पाणी ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पायाला जखम असलेल्यांना किंवा आजारी मुलांना यात घेऊ नका.

पहिल्या दोन टबांपैकी मिठाचा कोणता, हे बसणाऱ्याला कळता कामा नये आणि अंक लिहून घेणाऱ्यालाही नाही. ते एका तिसऱ्यानेच कागदावर लिहून पाकिटात बंद करावे. पाकीट शेवटी फोडावे. निकाल काय येईल हे मुलांना आधी सांगू नका. पहिल्या दोन गटांचा आराम सारखाच निघाला, तर श्रेय उष्णतेचे. मिठाचा टब पुन्हापुन्हा सरस ठरला, तर वर लिहिलेले आपल्याला तपासून पाहावे लागेल.

अशी तुलना केली की मिठालाही न्याय मिळतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २००५ साली कोरड्या, खाजऱ्या त्वचेच्या लोकांवर प्रयोग केला. एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या ५ टक्के द्रावणात आणि त्याच माणसाचा दुसरा हात नळाच्या पाण्यात ठेवला. मिठाच्या पाण्यातल्या हाताची त्वचा अधिक सुधारली. म्हणजे मिठाचा परिणाम त्वचेवर दिसला. त्यावरून आतल्या स्नायूंबद्दल काही सिद्ध होत नाही.

आजींचा पाय

हा काथ्याकूट कशासाठी? आमच्या शेजारच्या आजींना बरीच वर्षे मधुमेह आहे. तळपाय बधिर वाटू लागले, तेव्हा त्यांनी मिठाच्या पाण्यात पाय बुडवायला सुरुवात केली. पाणी कोमटच लागते म्हणून त्या कढत पाणी ओतत राहिल्या. पाय बाहेर काढले तेव्हा फोड आले होते आणि त्यांना ते कळलेही नव्हते. जखम भरायला दोन महिने लागले.

मधुमेहात पायांचे चेतातंतू निकामी होऊ शकतात, आणि मग गरम-गार कळत नाही. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. ४९ अंशांच्या पाण्यानेही काही मिनिटांत भाजते. आजींची सारी भिस्त मिठावर होती, म्हणून पाण्याकडे त्यांचे लक्षच नव्हते. खरे काम उष्णता करते आणि इजाही तीच करते, हे माहीत असते तर पाणी आधी दुसऱ्या कुणीतरी कोपराने किंवा तापमापीने पाहिले असते. पाय बधिर असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक घेऊच नये. ताजी लचक आणि सूज असेल तर पहिले दोन दिवस गरम शेक टाळावा.

बाकी आपल्यासारख्यांनी संध्याकाळी पाय जरूर बुडवावेत. मीठ टाकायचे तर टाकावे, त्याने बिघडत नाही. फक्त पाण्यात आधी तापमापी बुडवावी आणि मग पाय.